गिट आणि मोठ्या फायलींचा भार

एखाद्या फाइलमध्ये कोणी, केव्हा आणि कशासाठी बदल केला याची नोंद ठेवणाऱ्या, हव्या त्या जुन्या अवस्थेत परत जाण्याची सोय देणाऱ्या आणि अनेकांनी एकाच वेळी केलेले काम एकत्र जोडून देणाऱ्या संगणकीय साधनांना आवृत्ती-नियंत्रण प्रणाली म्हणतात. ही साधने मुळात घडली ती मजकुरासाठी. १९७२ साली बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी तयार केलेली एससीसीएस आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी रचलेली आरसीएस या दोन्ही प्रणालींनी फाइल म्हणजे ओळींची रास आणि बदल म्हणजे त्यांतल्या काही ओळी गळणे व काही नव्याने येणे, असे धरून चालले होते. आरसीएसमध्ये ताजी आवृत्ती तेवढी पूर्ण ठेवून मागच्या आवृत्त्या केवळ फरकांच्या रूपात साठवल्या जात, कारण काम करणाऱ्याला बहुतेक वेळा ताजीच आवृत्ती लागते. पंधरावीस केबीच्या प्रोग्रामात दहा ओळी बदलल्या तर त्या बदलाची नोंद काहीशे बाइटांत बसते, आणि त्यामुळे वर्षानुवर्षांचा इतिहासही फारशी जागा न व्यापता सांभाळता येतो.

पुढे याच साधनांत चित्रे, ध्वनिमुद्रणे, चित्रफिती, संगणकीय खेळांसाठी घडवलेल्या त्रिमितीय आकृती, शास्त्रीय मोजमापांचे संच आणि यंत्रशिक्षणाची प्रारूपे येऊ लागली. तरीही सीव्हीएस किंवा सबव्हर्जन यांसारख्या केंद्रीय प्रणालींमध्ये याचा त्रास मर्यादित राहिला, कारण संपूर्ण इतिहास एका सर्व्हरवर असे आणि काम करणाऱ्याच्या यंत्रावर फक्त त्याला हवी ती आवृत्ती उतरे. १९९५ साली आलेली पर्फोर्स ही व्यापारी प्रणाली खेळ बनवणाऱ्या कंपन्यांत आजही टिकून आहे, त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे. तिच्यात एखाद्या प्रकारच्या फायलींच्या शेवटच्या ठरावीक आवृत्त्याच जपाव्यात आणि बाकीच्या टाकून द्याव्यात, अशीही सोय आहे.

२००५ साली हे चित्र पालटले. लिनक्सच्या गाभ्याचे काम तोवर बिटकीपर नावाच्या व्यापारी साधनावर, त्याच्या मालकांनी दिलेल्या मोफत परवान्यानुसार चालत असे. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन संगणकतज्ज्ञाने बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारे स्वतंत्र साधन लिहायला घेतल्यावर तो परवाना मागे घेण्यात आला आणि लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५च्या पहिल्या आठवड्यात गिटचा पाया घातला. (याच ट्रिजेल यांच्या त्याआधीच्या एका कामाशी मोठ्या फायलींच्या प्रश्नाचा फार जवळचा संबंध आहे, तो पुढे येईल.) गिट ही विकेंद्रित प्रणाली आहे. प्रकल्पाची प्रत घेणे, म्हणजे क्लोन करणे, याचा गिटमधला अर्थ प्रकल्पाचा पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास आपल्या यंत्रावर आणणे असा होतो. त्यामुळे इंटरनेट नसतानाही जुन्या नोंदी चाळता येतात, आणि मूळ सर्व्हर नष्ट झाला तरी कोणाच्याही प्रतीतून प्रकल्प उभा करता येतो. मोठ्या फायलींची अडचण याच आश्वासनातून जन्मते, आणि तिच्यावरचा जवळजवळ प्रत्येक उपाय या आश्वासनाचा कोणता ना कोणता भाग सोडून देतो. म्हणून कोणत्याही उपायाचे मोल करताना त्याने किती जागा वाचवली याच्या बरोबरीने, त्याबदल्यात काय सोडले, हेही पाहावे लागते.

गिटची अंतर्गत रचना थोडी उलगडल्याशिवाय ही अडचण नेमकी कळत नाही. गिट फाइलचा मजकूर 'ब्लॉब' नावाच्या वस्तूत ठेवते, फोल्डरची रचना 'ट्री' नावाच्या वस्तूत ठेवते, आणि एखाद्या क्षणीची संपूर्ण अवस्था, तिचा कर्ता, वेळ आणि आधीच्या अवस्थेचा संदर्भ 'कमिट' या वस्तूत नोंदवते. प्रत्येक वस्तूचे नाव तिच्या आशयावरूनच काढले जाते: आशयातले सगळे बाइट एसएचए-१ या गणिती प्रक्रियेतून नेऊन जो १६० बिटांचा अंक निघतो, तो हॅश, आणि तोच त्या वस्तूचा पत्ता. आशय एका बाइटाने बदलला तरी पत्ता पूर्णपणे बदलतो, आणि आशय तोच असेल तर फाइल शंभर ठिकाणी असली तरी ती एकदाच साठवली जाते. कमिटच्या आशयात ट्रीचा पत्ता असतो आणि ट्रीच्या आशयात ब्लॉबचे पत्ते असतात, त्यामुळे जुन्या इतिहासातला एक बाइट कोणी बदलला, तर तिथून पुढच्या सगळ्या कमिटांचे पत्ते बदलतात आणि फेरफार लपून राहत नाही.

गिट फरक साठवते, असा एक सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात तिच्या दृष्टीने प्रत्येक आवृत्ती ही स्वतंत्र आणि पूर्ण वस्तू असते. जागेची बचत नंतर, अनेक वस्तू एकत्र बांधणारी पॅकफाइल बनवताना होते. त्या वेळी गिट सारख्या दिसणाऱ्या वस्तू नाव व आकारानुसार शेजारी मांडते, प्रत्येक वस्तूची तुलना रांगेतल्या मोजक्या वस्तूंशी करते (ही संख्या सामान्यतः १० असते) आणि जिथे फायदा दिसेल तिथे एक वस्तू पूर्ण ठेवून दुसरी तिच्यापासूनच्या फरकाच्या रूपात लिहिते. फरकावर फरक अशी साखळी साधारण ५० दुव्यांपर्यंत वाढू दिली जाते. मजकुराच्या बाबतीत ही युक्ती इतकी उत्तम चालते, की अनेक प्रकल्पांत संपूर्ण इतिहासाची पॅकफाइल उघड्या कामाच्या फायलींच्या तुलनेत आश्चर्य वाटावे इतकी लहान भरते.

चित्रफिती, जेपीईजी छायाचित्रे, झिप संचिका किंवा ऑफिस प्रणालींतले दस्तऐवज यांच्यापुढे मात्र ही युक्ती हात टेकते. या फायली मुळातच संपीडित, म्हणजे पुनरावृत्ती पिळून काढून लहान केलेल्या असतात, आणि संपीडनाचा गुणधर्म असा की आत एखादा लहानसा बदल झाला, तरी त्या जागेपासून पुढचे बाइट बहुधा वेगळेच निघतात. दोन आवृत्त्या डोळ्यांना जवळजवळ सारख्या दिसतात, पण बाइटांच्या पातळीवर त्यांच्यात सामाईक असे फारसे काही उरत नाही, आणि त्यामुळे फरक काढायला गेले तर तो जवळजवळ मूळ फाइलएवढाच भरतो. ८० एमबीच्या एका चित्रफितीच्या २५ सुधारित आवृत्त्या नोंदवल्या, तर इतिहासात २ जीबीची भर पडते आणि पुढे प्रकल्पात येणाऱ्या प्रत्येकाला, त्याने ती चित्रफीत कधी उघडली नाही तरी, क्लोन करताना तेवढा भार उतरवून घ्यावा लागतो. त्यातच फरक काढण्यासाठी वस्तू पूर्णपणे स्मृतीत आणावी लागते, म्हणून गिट सामान्यतः ५१२ एमबीपेक्षा मोठ्या फाइलचा फरक काढण्याच्या फंदात पडतच नाही. ती नुसती संपीडित करून ठेवून देते. यावरून असेही दिसते की भार केवळ आकाराने येत नाही. एकदाच नोंदवलेले आणि पुन्हा कधी न बदलणारे ५० एमबीचे छायाचित्र फारसे त्रासदायक नसते. रोज बदलणारी ५ एमबीची संपीडित फाइल मात्र वर्षभरात प्रकल्प जड करून टाकते.

फाइल पुसून टाकल्याने हा भार हलका होत नाही, हे नवख्यांना सहसा उशिरा कळते. गिटचे प्रकल्प ठेवणाऱ्या गिटहब या सेवेवर ५० एमबीपेक्षा मोठ्या फाइलबद्दल इशारा मिळतो आणि १०० एमबीपेक्षा मोठी फाइल नाकारली जाते. एखाद्याने १५० एमबीची फाइल एका कमिटमध्ये घालून पुढच्याच कमिटमध्ये काढून टाकली, तरी त्याचे पुश, म्हणजे सर्व्हरवर काम पाठवणे, नाकारलेच जाते, कारण आधीचे कमिट इतिहासात आहे आणि त्याच्यासोबत ती फाइलही आहे. ती खरोखर काढायची तर बीएफजी किंवा गिट-फिल्टर-रेपो यांसारख्या साधनांनी इतिहास नव्याने लिहावा लागतो, आणि हॅशच्या साखळीमुळे तिथून पुढच्या सगळ्या कमिटांचे पत्ते बदलून इतरांच्या प्रती निरुपयोगी होतात. काम फक्त स्वतःच्या यंत्रावर असेपर्यंत हे दोन मिनिटांचे काम आहे. वीस जणांनी क्लोन केल्यानंतर ते सगळ्यांना विश्वासात घेऊन पार पाडावे लागते.

यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय कोणत्याही साधनाचा नाही. जी फाइल दुसऱ्या फायलींपासून यंत्राने पुन्हा तयार करता येते, ती इतिहासात ठेवू नये. आणि जी ठेवावीच लागते, तिचे शक्यतो मजकुराच्या रूपातले मूळ ठेवावे. अक्षरवळण घडवणाऱ्यांच्या जगात याचे चांगले उदाहरण सापडते. फाँटची तयार फाइल बायनरी असते, पण यूएफओ या खुल्या स्वरूपात प्रत्येक अक्षराकृतीची वेगळी एक्सएमएल फाइल असते, त्यामुळे 'क्ष'च्या वळणात केलेली दुरुस्ती त्या एका लहान फाइलपुरती दिसते, तपासता येते आणि फरकाच्या रूपात नीट साठवली जाते. देवनागरीत अनेक जोडाक्षरांमुळे अक्षराकृतींची संख्या रोमनपेक्षा बरीच जास्त असते आणि एका फाँटवर अनेकदा एकाहून अधिक जण काम करतात, तिथे या सोयीचे महत्त्व आणखी वाढते.

जिथे हा मार्ग बंद असतो, तिथे मोठा आशय गिटच्या बाहेर ठेवून गिटमध्ये फक्त त्याचा उल्लेख नोंदवण्याची पद्धत वापरली जाते. वखारीत धान्य ठेवून शेतकऱ्याने पावती घरी आणावी, तशी ही व्यवस्था आहे. फरक एवढाच की या पावतीवर आशयाचा हॅश लिहिलेला असल्यामुळे परत मिळालेला माल तोच आहे की नाही हे गणिताने पडताळता येते. गिटहबने एप्रिल २०१५ मध्ये जाहीर केलेले गिट एलएफएस याच तत्त्वावर चालते. त्यात मोठ्या फाइलच्या जागी सुमारे १३० बाइटांची एक निर्देशक फाइल गिटमध्ये जाते आणि तिच्यात तीनच ओळी असतात: निर्देशकाच्या स्वरूपाची आवृत्ती, आशयाचा एसएचए-२५६ हॅश आणि मूळ आकार. ही अदलाबदल गिटमध्ये आधीपासून असलेल्या दोन फिल्टरांच्या जोरावर होते. फाइल नोंदवताना 'क्लीन' फिल्टर मूळ आशय बाजूला ठेवून निर्देशक पुढे करतो, आणि फाइल कामाच्या फोल्डरात उतरवताना 'स्मज' फिल्टर निर्देशक वाचून मूळ आशय सर्व्हरवरून आणतो. कोणत्या प्रकारच्या फायलींना हे लागू करायचे, ते 'गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' नावाच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहून ठेवले जाते. सुरुवातीला प्रत्येक फाइलसाठी फिल्टरचा वेगळा प्रोग्राम सुरू करावा लागे, त्यामुळे हजारो फायली असल्या की बराच वेळ जाई. २०१६च्या अखेरीस आलेल्या गिट २.११ मध्ये एकच प्रोग्राम चालू ठेवून त्याच्याकडून सगळ्या फायली करवून घेण्याची सोय झाली आणि हा खोळंबा बराच कमी झाला.

या व्यवस्थेत क्लोन करणाऱ्याला इतिहासातले सगळे निर्देशक मिळतात, पण खरा आशय फक्त सध्याच्या आवृत्तीपुरता उतरतो. जुनी अवस्था पाहायची तर सर्व्हर चालू हवा, परवानगी हवी आणि बऱ्याचदा साठा व वाहतुकीचे शुल्कही भरलेले हवे. प्रत्येकाकडे पूर्ण इतिहास असल्यामुळे मिळणारी हमी इथे संपते आणि मोठ्या फायलींपुरती गिट पुन्हा केंद्रीय प्रणाली होते. एलएफएस न बसवलेल्या यंत्रावर चित्र उघडू पाहणाऱ्याला चित्राऐवजी त्या तीन ओळी दिसतात, हा तर नित्याचा अनुभव आहे. शिवाय एलएफएस आवृत्त्यांमधला फरक काढत नाही; ५ जीबीच्या फाइलमधला एक बाइट बदलला, तरी पूर्ण ५ जीबी पुन्हा पाठवावे लागतात.

मोठ्या बायनरी फायलींचा आणखी एक प्रश्न आकाराशी संबंधित नाही, पण व्यवहारात तो आकाराइतकाच छळतो. दोन जणांनी एकाच प्रोग्रामाच्या वेगवेगळ्या भागांत केलेले बदल गिट आपोआप जोडू शकते. दोघांनी एकाच चित्रात केलेले बदल असे जोडता येत नाहीत, आणि एकाचे दिवसभराचे काम टाकून द्यावे लागते. केंद्रीय प्रणालींनी यावर कुलपाचा उपाय काढला होता: फाइल ज्याने आधी घेतली, त्याच्याखेरीज इतरांनी तिच्यात बदल करू नये. पर्फोर्समध्ये ही सोय होती, सबव्हर्जनमध्ये ती २००५ सालच्या १.२ या आवृत्तीत आली, आणि परस्परांवर अवलंबून न राहता काम करण्याची मुभा हेच ज्या प्रणालीचे वैशिष्ट्य, तिच्यातही एलएफएसच्या २.० आवृत्तीद्वारे २०१७ साली कुलूप आलेच. चित्रकार आणि प्रोग्रामर एकत्र काम करतात त्या प्रकल्पांत बचत झालेल्या जागेपेक्षा या कुलपाचाच उपयोग अधिक वाटतो, असे म्हणायला हरकत नाही.

एलएफएसच्या पाच वर्षे आधी, २०१० साली, जोई हेस यांनी सुरू केलेल्या गिट-अ‍ॅनेक्सने हाच प्रश्न अधिक विकेंद्रित वृत्तीने सोडवला आहे. त्यात एकच ठरलेला सर्व्हर नसतो; कोणत्या फाइलचा आशय कोणत्या यंत्रावर, बाह्य डिस्कवर किंवा भाड्याच्या साठ्यात आहे, याची नोंद गिटच्याच एका स्वतंत्र शाखेत ठेवली जाते. आपल्या यंत्रावरची प्रत काढून टाकायला सांगितल्यावर अ‍ॅनेक्स आधी इतरत्र ठरवलेल्या संख्येइतक्या प्रती असल्याची खात्री करून घेते आणि तशी खात्री नसेल तर नकार देते. संशोधनक्षेत्रात वापरले जाणारे डेटालॅड याच्यावरच उभे आहे. ते शिकायला अवघड असल्यामुळे त्याचा प्रसार एलएफएसइतका झाला नाही, पण विचार म्हणून ते अधिक पक्के आहे.

दुसऱ्या बाजूने, गिटच्या पोटातही बदल होत गेले. त्यांना गती मिळाली ती मायक्रोसॉफ्टने विंडोजचा सगळा प्रोग्राम गिटमध्ये आणायचे ठरवल्यावर. त्या रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या साठ्यात, सुमारे ३५ लाख फायली होत्या आणि तिचा आकार ३०० जीबीच्या आसपास होता. सामान्य गिटने तिचे क्लोन करायला बारा तासांहून अधिक वेळ लागे. इथे एकेक फाइल प्रचंड नव्हती, फायलींची संख्या प्रचंड होती, आणि 'मोठे' या विशेषणाचे हे दोन अर्थ वेगळे ठेवणे बरे. कंपनीने २०१७ साली फाइल उघडली जाईल तेव्हाच तिचा आशय आणणारी आभासी फाइल-प्रणाली जाहीर केली आणि क्लोनचा वेळ काही मिनिटांवर आला. त्यातली आभासी प्रणाली पुढे मागे पडली, पण तिच्यामागचे विचार गिटमध्ये उतरले. आंशिक क्लोनमध्ये कमिट आणि ट्री आणून ब्लॉब, किंवा ठरावीक मर्यादेपेक्षा मोठे ब्लॉब, मागेच ठेवता येतात. जो सर्व्हर ते लागतील तेव्हा पुरवण्याची हमी देतो, त्याला गिटच्या परिभाषेत 'प्रॉमिसर' म्हणतात. २०२०च्या जानेवारीत आलेल्या गिट २.२५ मध्ये निवडक फोल्डरच कामासाठी उतरवण्याची आज्ञा आली, आणि २०२२ मध्ये अशा सोयी एकत्र लावून देणारे स्केलर हे साधन गिटचाच भाग झाले.

हे सगळे उपाय आशय कुठे ठेवावा आणि केव्हा आणावा याचे आहेत. सारख्या आशयाची पुनरावृत्ती ते टाळत नाहीत. तिथे ट्रिजेल यांचे आधीचे काम उपयोगी पडते. १९९६ साली त्यांनी पॉल मॅकेरास यांच्यासह आरसिंक हे साधन तयार केले, ज्यात एका यंत्रावरच्या फाइलचे ठरावीक लांबीचे तुकडे करून त्यांचे हॅश दुसऱ्या यंत्राकडे पाठवले जातात, आणि दुसरे यंत्र आपल्या फाइलवर एकेक बाइट पुढे सरकत तेच तुकडे कुठे सापडतात ते शोधते. जुळलेले तुकडे मग पाठवावे लागत नाहीत. दोन फायली समोरासमोर असताना हे उत्तम चालते, पण हजारो आवृत्त्यांच्या साठ्यात तुकडे कायमचे ठेवायचे असतील, तर ठरावीक लांबी नडते: फाइलच्या आरंभी एक बाइट वाढला की पुढची प्रत्येक सीमा एका बाइटाने सरकते आणि एकही जुना तुकडा जुळत नाही.

यावरचा तोडगा २००१ साली मुथितचारोएन, चेन आणि माझिएर या संशोधकांच्या कमी वेगाच्या जाळ्यांसाठी रचलेल्या फाइल-प्रणालीने रूढ केला. त्यात सीमा मोजून न ठरवता आशयावरून ठरवली जाते. फाइलवरून ४८ बाइटांची खिडकी पुढे सरकवत तिच्यातल्या बाइटांचा अंक काढत जायचा, आणि त्या अंकाचे शेवटचे १३ बिट आधी ठरवलेल्या मूल्याशी जुळले की तिथे तुकडा संपवायचा. असा योग सरासरी ८,१९२ बाइटांत एकदा येतो, म्हणून तुकडे साधारण ८ केबीचे होतात. आरंभी काही बाइट वाढले तरी पुढची सीमा तिच्या शेजारच्या ४८ बाइटांवरूनच ठरत असल्यामुळे ती जागची हलत नाही, आणि बदल झालेला एखाददुसरा तुकडा तेवढा नवा ठरतो. बॅकअपच्या अनेक साधनांनी ही पद्धत पूर्वीच उचलली होती. यंत्रशिक्षणाची प्रारूपे साठवणाऱ्या हगिंग फेसने ऑगस्ट २०२४ मध्ये झेटहब ही कंपनी विकत घेतली आणि एलएफएसवरचा आपला साठा सरासरी ६४ केबीच्या अशा तुकड्यांच्या पद्धतीकडे वळवायला घेतला, कारण अनेक जीबींच्या प्रारूपांच्या लागोपाठच्या आवृत्त्यांत पुष्कळदा बराच भाग तसाच राहतो. संपीडित फायलींपुढे मात्र ही पद्धतही गिटच्या पॅकफाइलइतकीच हतबल आहे, म्हणून तिचा लाभ हवा असेल तर माहिती उघड्या स्वरूपात साठवून संपीडनाचे काम साठ्यावर सोडणे श्रेयस्कर ठरते.

गिटच्या विकासकांनी अलीकडे मांडलेल्या योजनेत मोठ्या ब्लॉबसाठी वेगळा प्रॉमिसर असावा, कोणता ब्लॉब तिकडे ठेवायचा हे सर्व्हरने आकार पाहून ठरवावे आणि वापरणाऱ्याला त्यासाठी काहीही जाहीर करावे लागू नये, असे सुचवले आहे. त्यात निर्देशक फाइल नसेल आणि ब्लॉबचा पत्ता त्याच्या खऱ्या आशयाचाच राहील, त्यामुळे साठ्याची जागा पुढे कितीदा बदलली तरी इतिहासातल्या एकाही कमिटला धक्का लागणार नाही. एलएफएसमध्ये आधीच गेलेल्या प्रकल्पांना मात्र तिकडे वळणे तितके सोपे नाही, कारण त्यांच्या कमिटांच्या हॅशमध्ये त्या तीन ओळींचे निर्देशक कायमचे गुंफले गेले आहेत आणि ते काढायचे तर सगळा इतिहास पुन्हा लिहावा लागतो.